वर्गणी आपली, निर्णयही आपला

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला 'आरोग्य' या विषयावर बोलावे, असे कार्यकारिणीने मला सुचविले, तेव्हा तुमच्यापैकी पुष्कळजणींनी मनाशी अंदाज बांधला असेल की, आता ही बाई पालेभाजी खा, मीठ कमी करा आणि पहाटे फिरायला जा, असे सांगणार. हे सगळे चांगलेच आहे. पण ते तुम्हाला माझ्याइतकेच माहीत आहे. मी आज बोलणार आहे ते आपल्या सर्वांच्या कपाटात साड्यांच्या घडीखाली जपून ठेवलेल्या आणि कोणीही न वाचलेल्या एका कागदाविषयी. मंडळाने सभासदांसाठी घेतलेल्या सामुदायिक आरोग्य विम्याचा तो कागद. त्याविषयी बोलण्याआधी मला एक कबुली दिली पाहिजे, कारण तिच्यावाचून पुढचे बोलणे म्हणजे दुसऱ्याला उपदेश करणे होईल.

हा विमा घेतला तेव्हा मी मंडळाची कार्यवाह होते. सव्वाशेच्या वर भगिनींनी हप्त्याचे पैसे माझ्या हाती विश्वासाने दिले. कुणी बचतगटातून उचलून दिले, कुणी दिवाळीच्या खरेदीतून वाचवून दिले. कंपनीचे गृहस्थ आले, चहा झाला, त्यांनी तीन प्रकार सांगितले. त्यांतला मधला मला बरा वाटला आणि मी सही केली. त्या कागदाला पंचवीसच्या वर पाने होती. मी पहिले पान वाचले आणि शेवटच्या पानावर सही केली. मधली पाने वाचली नाहीत. आणि ज्यांचे पैसे होते त्यांना तर ती दाखविलीही नाहीत.

पुढच्याच वर्षी आपल्यातील एका वहिनींचे पित्ताशयाच्या खड्यांचे ऑपरेशन झाले. नाव सांगत नाही. त्या सभेत बसल्या आहेत आणि मी हे त्यांच्या परवानगीने सांगते आहे. विमा आहे म्हणून घरची मंडळी निश्चिंत होती. रुग्णालयातून निघताना कळले की, बिलाचा बराच मोठा भाग आपल्यालाच भरायचा आहे. त्यांनी हातातल्या पाटल्या गहाण ठेवल्या. आठवड्याने त्या माझ्याकडे आल्या. मला वाटले, आता रागावतील. त्या रागावल्या नाहीत. कागद पुढे ठेवून एवढेच म्हणाल्या, "ताई, हे कलम आपण कधी मान्य केलं होतं?"

भगिनींनो, त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. 'आपण' मान्य केले नव्हते. मी केले होते, आणि तेही न वाचता. आजचे माझे सगळे भाषण म्हणजे त्या एका प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

ते कलम काय होते, हे आधी सांगते; कारण ते पुष्कळ पॉलिसींत असते आणि कळायला अवघड नाही. समजा, विमा ३ लाखांचा आहे आणि खोलीच्या भाड्यावर दिवसाला एक टक्क्याची, म्हणजे ३,००० रुपयांची मर्यादा आहे. आपण ६,००० रुपयांची खोली घेतली. आपल्याला वाटते की, वरचे ३,००० रुपये आपण भरले म्हणजे झाले. तसे नसते. आपण मर्यादेच्या दुप्पट भाड्याची खोली घेतली, म्हणून डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च, असे खोलीच्या दर्जाप्रमाणे वाढणारे आकारही कंपनी निम्मेच देते. ते ८०,००० झाले असतील, तर ४०,००० आपल्या अंगावर येतात. औषधे, तपासण्या आणि शरीरात बसविलेल्या वस्तू यांना ही कपात लावू नये, असा नियम आहे. तरीही उरलेला आकडा सामान्य घराला वाकवायला पुरेसा असतो.

आता गंमत अशी की, हे कलम मुळात वाईट नाही. खोलीची मर्यादा ठेवली की हप्ता कमी होतो. आपल्यापैकी कितीतरीजणी म्हणाल्या असत्या, "आम्हांला वेगळी खोली नकोच. जनरल वॉर्डात चार माणसांची सोबत असते. हप्ता कमी ठेवा." वहिनींना हे आधी ठाऊक असते, तर त्यांनीही साधी खोलीच घेतली असती. दोष कलमाचा नव्हता. ते कुणाला विचारले नव्हते, हा दोष होता.

सामुदायिक विम्यात दोन निर्णय असतात. पहिला, हप्त्याच्या पैशांत काय काय बसवायचे: बाळंतपण घ्यायचे की नाही, सासूसासऱ्यांना घ्यायचे की नाही, मोतीबिंदूसाठी किती रक्कम, खोलीला मर्यादा किती. दुसरा, आजार आल्यावर या बाईला पैसे द्यायचे की नाही, आणि द्यायचे तर किती. पहिला निर्णय कंपनी आणि सही करणारी व्यक्ती मिळून घेतात. दुसरा कंपनी घेते. ज्या बाईच्या पोटावर टाके पडणार, ती दोन्ही वेळा खोलीबाहेर बसलेली असते.

दुसऱ्या निर्णयाबाबत अलीकडे काही चांगले नियम झाले आहेत, ते लक्षात ठेवा. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे क्लेम नाकारायचा असेल, तर कंपनीतील एका कारकुनाने नाही म्हणून चालत नाही. कंपनीच्या पुनरावलोकन समितीची संमती लागते आणि कोणत्या कलमाखाली नाकारले, ते कळवावे लागते. तरीही समाधान झाले नाही, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जावे. आपला जिल्हा त्यांच्या कक्षेत येतो, फी लागत नाही, वकील लागत नाही. हे सगळे चांगलेच आहे. पण ही दाद झाली. आणि दाद ही घटना घडून गेल्यावर मागायची असते. मी बोलते आहे ते घटनेआधीच्या आवाजाविषयी.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. मीही तो एकेकाळी घेतला असता. "बायकांना यातले काय कळते? ज्यांना 'वेटिंग पीरियड' म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्या काय ठरविणार?" या आक्षेपाचे उत्तर एका अभ्यासात मिळते. २००५ च्या अखेरीस महाराष्ट्र आणि कर्नाटक येथील खेड्यांतून आणि शहरांच्या वस्त्यांतून ३०२ सामान्य माणसांना २४ गटांत बसविण्यात आले. कितीतरीजण निरक्षर होते, हिशोब न येणारे होते, विमा कधी न पाहिलेले होते. त्यांना माणशी वर्षाला सुमारे ११ डॉलर, म्हणजे त्या वेळचे पाचेकशे रुपये, एवढी मर्यादा दिली आणि त्यात कोणते फायदे बसवायचे ते तुम्हीच ठरवा, असे सांगितले. सगळेच बसणार नव्हते. काही घ्यायचे तर काही सोडावे लागणार होते. नंतर त्यांची निवड अशाच लोकांच्या दोन हजारांवर आजारपणांच्या प्रत्यक्ष खर्चाशी ताडून पाहिली. लोकांनी सर्वांत जास्त वेळा निवडलेले संच खरोखरच शहाणपणाचे निघाले. शेकडा ८८ जणांनी बाह्यरुग्ण उपचार, रुग्णालयातील उपचार, औषधे आणि तपासण्या यांपैकी निदान तीन गोष्टी निवडल्या होत्या. शिक्षण नसल्यामुळे निवड बिघडली नाही.

मला याचे आश्चर्य वाटले नाही. तुम्हालाही वाटू नये. ज्या उन्हाळ्यांत आपल्या गल्लीत पाण्याचे टँकर येत, तेव्हाचे दिवस आठवा. जायकवाडीचे धरण एवढे जवळ असून आपण हंडे घेऊन उभ्या होतो. त्या रांगेत कोण ठरवीत असे, आधी कोणी भरायचे? नगरपालिकेचा साहेब येत नव्हता. बाळंतीण असलेल्या घराला आधी, म्हाताऱ्या आजींचा हंडा कुणीतरी उचलून द्यायचा, ज्यांच्याकडे टाकी आहे त्यांनी शेवटी, हे नियम आपणच केले होते. भांडणे झाली; नाही असे नाही. पण टँकर रिकामा होताना एकही घर कोरडे राहिले नाही. थोडे असलेले न्यायाने वाटण्याची विद्या आपण शाळेत शिकलो नाही, रांगेत शिकलो. भिशी चालविणाऱ्या बाईला शिल्लक आणि वाटप यांचा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही.

आणि हे महाराष्ट्रात घडून चुकलेले आहे. वर्ध्याजवळ सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयाच्या डॉ. उल्हास जाजू यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस आसपासच्या खेड्यांत ज्वारीचा विमा सुरू केला. सुगीच्या वेळी घरटी ज्वारी गोळा करायची. भूमिहीनाने थोडी द्यायची, जमीनवाल्याने जमिनीप्रमाणे जास्त. गावातली बहुसंख्य, म्हणजे शेकडा ७५ च्या आसपास घरे आली, तरच गाव योजनेत घ्यायचे. एकट्यादुकट्या श्रीमंत घराने हप्ता भरून फायदा घ्यावा, अशी सोय नव्हती. गावसभेत सगळ्यांसमोर चर्चा होई. अवचित येणाऱ्या आजारावर रुग्णालयात मोफत उपचार. आणि साधे बाळंतपण किंवा मोतीबिंदू, ज्यांची आधी तयारी करता येते, त्यांत काही वाटा घरच्यांनी उचलायचा. हा फरक मला फार शहाणपणाचा वाटतो. तो खेड्यातल्या माणसाला पटला, कारण त्यामागचे कारण त्याच्यासमोर मांडले गेले.

दुसरे उदाहरण पुण्याचे आहे आणि ते आपल्यासारख्या बायकांचे आहे. मुंबईच्या गिरणगावात खानावळ चालविणाऱ्या बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. त्यांची कन्या डॉ. मेधा पुरव-सामंत यांनी १९९३ मध्ये पुण्यात भाजी विकणाऱ्या बायकांना छोटी कर्जे देण्यापासून काम आरंभिले. तेच पुढे 'अन्नपूर्णा परिवार' झाले. कर्ज का बुडते, हे पाहता पाहता त्यांना दिसले की, बाई आळशी नसते. तिच्या घरात आजारपण आलेले असते. म्हणून या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत सभासदांचा आरोग्यासाठी परस्पर साहाय्य निधी सुरू झाला. त्यात वस्तीतल्या सभासद बायकांच्या प्रतिनिधी बसतात, आलेले अर्ज पाहतात आणि मदत मंजूर किंवा नामंजूर करतात. त्याच शहरातील 'अपलिफ्ट' या संस्थेच्या निधीतही हीच रीत आहे. अर्ज पाहणारी बाई त्याच वस्तीत राहते. खोटे बिल आले, तर तिला ते कंपनीच्या साहेबापेक्षा लवकर कळते. आणि खरी अडचण असेल, तर तीही तिला लवकर कळते.

आता तुम्ही म्हणाल, मग झाले तर. आपणही समिती नेमू या. थांबा. या गोष्टीची अवघड बाजू न सांगता मी खाली बसले, तर मी पुन्हा न वाचता सही केल्यासारखे होईल.

वहिनींच्या पाटल्यांची गोष्ट कळल्यावर आपण सगळ्यांनी मिळून वर्गणी काढली. चार दिवसांत पाटल्या सुटल्या. मला फार अभिमान वाटला. त्या महिन्याच्या सभेत मी तसे बोललेही. सभा संपल्यावर आपल्या एक सभासद, कपड्यांना इस्त्री करून घर चालवितात, माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, फार चांगलं केलंत. माझ्या सासूबाईंच्या वेळी कुणी वर्गणी काढली नव्हती."

त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, म्हणून ते अधिक लागले. खरेच होते ते. वहिनी सर्वांच्या ओळखीच्या, हळदीकुंकवाला पुढे असणाऱ्या, गाणे म्हणणाऱ्या. या बाई सभेत मागे बसतात, लवकर उठून जातात, कारण घरी कपड्यांचा ढीग असतो. आम्ही जिव्हाळ्याने मदत केली होती. आणि जिव्हाळा ओळखीच्या दारातच अडखळतो. त्या दिवशी मला कळले की, नियम ही कोरडी गोष्ट नाही. जी बाई आपल्या ओळखीची नाही, तिच्यापर्यंत माया पोहोचविण्याचा तो रस्ता आहे.

म्हणून पहिली अडचण ही: सर्वांचा आवाज म्हटले की मोठा आवाज ऐकू येतो. अमेरिकेतील ओरेगन राज्याने १९८९ मध्ये कायदा करून गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेत कोणते उपचार आधी धरायचे, याची यादी करायला घेतली. आणि लोकांचे मत घेण्यासाठी गावोगाव सत्तेचाळीस सभा भरविल्या. हेतू उत्तम होता. पण सभांना आलेल्यांत मोठा भरणा आरोग्यसेवेत नोकरी करणाऱ्यांचा होता. ज्या गरिबांसाठी योजना, ते थोडेच आले. ते कामावर होते. आपली सभा दुपारी तीनला असते. दुपारी तीनला मोकळी असणारी बाई कोण आणि नसणारी कोण, याचा विचार आपण कधी केला आहे का?

दुसरी अडचण वयाची. तरुण सुनेला बाळंतपणाची सोय हवी. मला, साठी उलटलेल्या बाईला, गुडघा आणि मोतीबिंदू दिसतो. हप्ता तेवढाच आहे. मत घेतले आणि आम्ही म्हाताऱ्या संख्येने जास्त निघालो, तर सुनांचा वाटा आम्ही खाऊन टाकू. बहुमताने अन्याय होऊ शकतो. फक्त तो टाळ्यांच्या गजरात होतो. त्यावर उपाय एकच. काही गोष्टी मतदानाच्या बाहेर ठेवायच्या. अवचित आलेला, जिवावरचा आजार सर्वांना धरलाच पाहिजे. आणि कुणाला आधीच मोठा आजार आहे म्हणून तिला गटातून काढता येणार नाही. हे दोन नियम सभेच्या लहरीवर सोडू नयेत.

तिसरी अडचण अब्रूची. शेजारणींच्या समितीपुढे आपले बिल जाणार म्हणजे आपला आजारही जाणार. काही आजार असे असतात की, ते आपण सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही. म्हणून अर्जावर नाव नको, क्रमांक हवा. नाव फक्त एकीला ठाऊक हवे आणि तिने ते ओठांआड ठेवायला हवे. समितीत जे कळले ते पापडाच्या घाटावर बोलले गेले, तर ती समिती त्याच दिवशी मोडावी.

आणि चौथी अडचण सर्वांत मोठी: नाही म्हणण्याची. कंपनी नाही म्हणते, तेव्हा आपण कंपनीला शिव्या देतो आणि मोकळ्या होतो. आपणच ठरविणार म्हटल्यावर, एखाद्या दिवशी ओळखीच्या डोळ्यांत पाहून "हे आपल्या नियमात बसत नाही" असे आपल्यालाच म्हणावे लागेल. ते सोपे नाही. पण मला असे वाटते की, नियम करताना जी हजर होती, तिला नकार कळतो. जिला विचारलेच नाही, तिला नकाराबरोबर अपमानही मिळतो. वहिनींना पैशापेक्षा तेच अधिक लागले होते.

आता एक गोष्ट बायकांच्या सभेतच बोलावी अशी आहे. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये महाराष्ट्रभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ बायकांची गर्भाशये काढलेली होती. विम्यामुळे हे झाले, असे मी म्हणत नाही; त्यामागे कामाची सक्ती, पाळीच्या दिवसांतले हाल, भीती आणि अज्ञान असे पुष्कळ काही आहे. पण अहमदाबादच्या 'सेवा' संस्थेने १९९२ मध्ये सुरू केलेल्या 'विमोसेवा' या बायकांच्या विम्यात अर्ज तपासताना दिसले की, गर्भाशय काढण्याचे अर्ज सर्वांत जास्त येणाऱ्या अर्जांपैकी आहेत. आणि त्यांतून त्या प्रश्नाचा अभ्यास आणि बायकांना माहिती देण्याचे काम सुरू झाले. पाहा, पैसे कशाला द्यायचे हे जेव्हा बायका स्वतः पाहतात, तेव्हा त्यांच्या हातात नुसता हिशोब राहत नाही. 'एवढ्या तरुण बायकांचे हे ऑपरेशन का होते आहे?' असा प्रश्न त्यांना पडतो. कंपनीच्या दृष्टीने ते बिल असते; आपल्या दृष्टीने ती आपली जाऊ असते. तातडीची नसेल अशा प्रत्येक मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे आणि ते घ्यायला जाण्यायेण्याचा खर्च मंडळाने द्यावा, असा नियम आपण केला, तर तो नियम एखादीचे शरीर वाचवील.

शेवटची सावधगिरी. जर्मनीत १८८३ मध्ये कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला. हप्त्याचा दोनतृतीयांश भाग कामगार भरीत, म्हणून कारभारातही दोनतृतीयांश जागा त्यांच्या असत. पैसा ज्याचा, शब्द त्याचा, हे तत्त्व एवढे जुने आहे. हिटलरच्या राजवटीत ते मोडले गेले. युद्धानंतर पुन्हा आणले. १९५३ पासून तेथे विमेदारांच्या प्रतिनिधींच्या निवडणुका होतात. पण पुष्कळ निधींत जागा तेवढेच उमेदवार उभे राहतात आणि मतदान होतच नाही. जेथे २०२३ मध्ये झाले, तेथे चौघांतल्या एकानेही धड मत दिले नाही. हक्क मिळविणे ही लढाई असते. तो वापरीत राहणे हा घरचा केर काढण्यासारखा रोजचा उद्योग असतो. एक दिवस चुकला की धूळ बसते.

तर मग आपण काय करावे? मी चार गोष्टी सुचविते. पटल्या तर घ्या, नाही पटल्या तर सभेत तसे सांगा.

पहिली: पॉलिसीचे नूतनीकरण करण्यापूर्वी दर गल्लीत एक बैठक, आणि तीही रात्री जेवणानंतर, म्हणजे कामावरच्या बायकांना येता येईल. तेथे भाषणे नकोत. जमिनीवर खडूने चौकोन आखू या: रुग्णालयातला मुक्काम, बाळंतपण, मोतीबिंदू, सासूसासरे, तपासण्या, औषधे. प्रत्येकीला वीस चिंचोके देऊ या. कोणत्या चौकोनाला किती चिंचोके लागतात, ते कंपनीकडून भाव विचारून आधी ठरवू या. सगळे चौकोन भरणार नाहीत. तेथेच बोलणे सुरू होईल. ज्यांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मोठ्या आजाराला उपचार मिळू शकतात, त्यांनी तेही त्याच वेळी सांगावे, म्हणजे जे सरकारकडून मिळते त्यासाठी आपण पुन्हा हप्ता भरणार नाही. सगळ्या गल्ल्यांचे चिंचोके मोजले की कंपनीपुढे काय मागायचे, ते आपल्याला कळेल. सगळे मिळेल असे नाही. पण काय मागितले आणि काय मिळाले नाही, हे प्रत्येकीला ठाऊक असेल.

दुसरी: कंपनी जे देत नाही, त्यासाठी आपला छोटा मदत निधी. हे मात्र स्पष्ट समजून घ्या की, १९३८ च्या विमा कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय विम्याचा धंदा कोणाला करता येत नाही. आपण विमा विकणार नाही, हमी देणार नाही. शिल्लक असेल तेवढीच आणि नियमात बसेल तेवढीच मदत.

तिसरी: पाचजणींची समिती. दोघी निवडून, तिघी चिठ्ठी टाकून. चिठ्ठी एवढ्याचसाठी की, मागे बसणारीचेही नाव निघावे. एक वर्षाने सगळ्या बदलायच्या. निर्णय पटला नाही, तर सर्वसाधारण सभेकडे नाव न सांगता दाद मागायची सोय.

चौथी: क्लेम कमी झाला किंवा नाकारला, तर त्या बाईने एकटीने कागद घेऊन हिंडू नये. समितीतली एकजण तिच्याबरोबर जाईल, तक्रार लिहून देईल, गरज पडली तर लोकपालांपर्यंत जाईल. रडत घरी बसणे हा आपल्या मंडळाचा नियम नाही.

भगिनींनो, यांतले काहीही आपल्याला श्रीमंत करणार नाही. आजार येणारच, घाटीच्या दारात उभे राहण्याची वेळ कुणावर तरी येणारच, आणि कधीतरी पैसे अपुरे पडणारच. पण अपुरे असले तरी ते कसे वाटायचे, हे ठरविताना आपण खोलीबाहेर बसलेल्या नसू.

नूतनीकरणाचा कागद माझ्याकडे आला आहे. या वेळी मी मधली पाने वाचली आहेत आणि त्यांचा सोप्या मराठीत मजकूर करून सहा प्रती आणल्या आहेत. प्रत्येक गल्लीने एक न्यावी. कार्यवाह आता मी नाही. सही आपल्या नव्या कार्यवाह करतील. तरी माझी त्यांना मोठी बहीण म्हणून एवढीच विनंती आहे की, चिंचोके मोजून होईपर्यंत पेनाचे टोपण उघडू नका. आणि इस्त्रीचे काम करणाऱ्या आपल्या त्या बाईंना माझी विनंती आहे की, त्यांच्या गल्लीतली पहिली बैठक त्यांच्याच ओट्यावर व्हावी. कपड्यांच्या घड्या घालायला आम्ही चौघी लवकर येऊ.

वहिनी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला फार उशीर झाला. पुढच्या वेळी कुणी विचारले, "हे कलम आपण कधी मान्य केलं?", तर तारीख सांगता यावी, एवढीच इच्छा धरून मी तुमची रजा घेते. नमस्कार.